शेफील्डचा जुना वस्तरा : दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

कसबा पेठेत अनेक वर्षे सलून चालवून आता ते नातवाच्या हाती सोपवलेले मामा आज सोमवारच्या सुट्टीत वस्तरा घेऊन घरी आले. त्यांच्या आजोबांची हजामतीच्या हत्यारांची धोकटी कधीच मोडीत निघाली, परंतु तिच्यातला हा एक वस्तरा धोतराच्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत राहिला होता. आजोबा लष्कर भागात साहेब लोकांच्या दाढ्या करण्यास जात असत आणि तिथेच कोणाकडून तरी तो त्यांना मिळाला, असे घरात सांगितले जाते. मामांच्या सलूनमध्ये आता अर्धे ब्लेड घालून दर गिऱ्हाइकाला बदलायचा वस्तरा चालतो आणि तेच योग्य आहे. एकाच पात्याने अनेकांची दाढी करण्याचे दिवस संपले ते आरोग्याच्या दृष्टीने बरेच झाले. हा वस्तरा मामांना केवळ स्वतःसाठी हवा आहे.

"साहेब, चकचकीत नाही झाला तरी चालेल, पण धार आली पाहिजे. एकदा माझी दाढी मला त्यानं करायची आहे," असे त्यांनी सांगितले. मी म्हणालो, "मामा, पात्यात पोलाद किती उरलंय ते आधी मोजू द्या. त्याआधी मी शब्द देत नाही." त्यांना ते पटले, कारण धारेच्या बाबतीत घाई करणाऱ्या माणसावर त्यांचाही विश्वास नाही.

प्रथमदर्शनी स्थिती अशी आहे. पात्याच्या दोन्ही बाजूंवर तपकिरी गंजाचा थर असून टोकाकडे त्याखाली खड्डे जाणवतात. मूठ काळ्या शिंगाची असून एक पट्टी बाहेरच्या बाजूला वाकलेली आहे, त्यामुळे मिटताना पाते आतून तिला घासते. सांध्याचा खिळा सैल आहे. पात्याला तडा नाही. बोटाच्या नखाने हलके टिचकी मारल्यावर स्वच्छ नाद येतो. भिंगाखाली धारेच्या कडेने टाचेपासून (मुठीकडील कोपऱ्यापासून) टोकापर्यंत पाहिले, तरी कुठेही चीर आढळली नाही. चीर असती तर काम इथेच थांबवावे लागले असते, कारण चिरलेल्या पात्यावर केलेला कोणताही खर्च वाया जातो.

१० जून २०२५

आज केवळ पात्यावरचा कारखान्याचा ठसा वाचण्याचे काम केले. पात्याच्या मागील दांडीवर कापडाने तेल लावून रात्रभर ठेवले होते, त्यामुळे गंज मऊ झाला आणि अक्षरे उघडी पडली. आधी तारा आणि माल्टीज क्रूस ही जोडखूण दिसली, त्यानंतर 'जोसेफ रॉजर्स अँड सन्स', 'कटलर्स टू हर मॅजेस्टी', 'नंबर ६ नॉरफोक स्ट्रीट' आणि सर्वांत खाली 'शेफील्ड, इंग्लंड' असा मजकूर वाचता आला.

या चार ओळी वस्तऱ्याचे वय बरेचसे सांगतात. 'हर मॅजेस्टी' म्हणजे राणी व्हिक्टोरिया. तिचे निधन २२ जानेवारी १९०१ रोजी झाले आणि गादीवर राजा आल्यानंतर हा शब्दप्रयोग बदलला. 'इंग्लंड' हा शब्द दुसरी मर्यादा घालतो. अमेरिकेतील १८९०च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर उत्पादक देशाचे नाव असणे बंधनकारक केले आणि तेव्हापासून शेफील्डच्या कारखानदारांनी गावाच्या नावाखाली देशाचेही नाव घालण्यास सुरुवात केली. त्यामुळे हा वस्तरा साधारणतः १८९१ ते १९०१ या दशकातला मानण्यास हरकत नाही. ठशाचे जुने साचे कारखान्यात काही काळ पुढेही वापरले जात असू शकतात, म्हणून याहून नेमका दावा मी मामांना सांगणार नाही.

पोलाद अर्थातच गंजणारे आहे. हॅरी ब्रियरली यांनी शेफील्डमध्येच १९१३ साली न गंजणारे पोलाद सिद्ध केले, म्हणजे या वस्तऱ्यानंतर बऱ्याच वर्षांनी. शेफील्डची कीर्ती त्याआधीची असून ती बेंजामिन हंट्समन यांनी १७४०च्या दशकात बसवलेल्या मुशीत पोलाद वितळवण्याच्या पद्धतीवर उभी राहिली. आपल्याकडे, विशेषतः दक्षिणेत, मुशीत पोलाद करण्याची विद्या त्याच्या कितीतरी शतके आधी होती. ते भारतीय पोलाद 'वुट्झ' या नावाने लंडनला पोहोचले आणि जेम्स स्टोडार्ट या चाकू-वस्तरे घडवणाऱ्या कारागिराने मायकेल फॅरेडे यांच्यासोबत त्यावर प्रयोग केले. त्यांचा निबंध १८२०चा आहे. विजेच्या संशोधनासाठी आपण ज्यांना ओळखतो त्या फॅरेडे यांनी आपल्या मिश्र पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट दिले होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. वस्तऱ्याची धार ही पोलादाची सर्वांत कठोर परीक्षा आहे, हे त्या काळच्या शास्त्रज्ञांनाही मान्य होते.

१२ जून २०२५

आज मोजमापे घेतली आणि कामाची दिशा त्यांनीच ठरवली.

पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी टाचेजवळ १८.१ मिलिमीटर, मध्यभागी १७.७ आणि टोकाजवळ १७.९ भरली. पाठीची जाडी ५.४ मिलिमीटर आहे. वस्तऱ्याची रुंदी परंपरेने इंचाच्या आठव्या भागांत सांगतात; हा मूळचा सहा-अष्टमांश, म्हणजे १९ मिलिमीटरचा असावा. शंभराहून अधिक वर्षांत जेमतेम सव्वा मिलिमीटर झिजला आहे, याचा अर्थ तो ज्यांच्या हातात होता त्यांनी तो जपून पाजवला.

वस्तऱ्याच्या रचनेतली खरी करामत त्याच्या पाठीत आहे. चाकूला धार लावताना दगडाशी किती कोन धरायचा हे हाताने ठरवावे लागते; वस्तरा मात्र दगडावर आडवा टेकवला की पाठ आणि धार अशा दोन जागी टेकतो आणि कोन आपोआप ठरतो. पाठीची जाडी भागिले रुंदी यावरून हिशेब केला तर या पात्याचा पूर्ण कोन सुमारे साडेसतरा अंश येतो, जो दाढीसाठी अगदी योग्य आहे. धार लावताना पाठही धारेबरोबर थोडी झिजते, त्यामुळे रुंदी कमी होत गेली तरी कोन फारसा बदलत नाही. ज्या कारागिराने ही पाठ घासली त्यानेच पुढच्या शंभर वर्षांचा कोन ठरवून दिला आहे. म्हणून पाठीला पॉलिशच्या हौसेने हात लावणे म्हणजे त्याचे माप पुसणे होय. बाजारात दुरुस्त करून विकलेले आरशासारखे चकाकणारे वस्तरे मी पाहिले आहेत. त्यांतील अनेकांची पाठ विजेच्या मोटारीवर फिरणाऱ्या पॉलिशच्या चाकावर गोल झालेली असते, ठसा अर्धा गेलेला असतो आणि धार दगडावर नीट टेकतच नाही. या प्रकल्पात पोलाद कमीत कमी काढायचे, जे काढायचे ते धारेसाठी काढायचे आणि धारेपासून दूर असलेले खड्डे तसेच राहू द्यायचे, असे मी ठरवले आहे.

रुंदीच्या तीन आकड्यांतून एक दोषही दिसतो. मध्यभागी रुंदी सर्वांत कमी आहे, म्हणजे धार सरळ नसून मधे आत गेली आहे. दगड अरुंद असेल आणि पाते त्यावरून तिरके न ओढता सरळ ओढले, तर मधला भाग सतत दगडावर राहतो आणि टाच व टोक बाहेर लोंबतात. त्यातून असे होते. अशी धार गालावर दोन टोकांनी टेकते आणि टोकाने कापण्याची भीती राहते. दोष चार-दशांश मिलिमीटरचा आहे, त्यामुळे तो काढता येईल.

१४ जून २०२५

मूठ सोडवली. खिळ्याच्या डोक्याभोवतीचे पितळी वॉशर बारीक कानशीने हळूहळू उतरवले आणि खिळा दीड मिलिमीटरच्या सुंब्याने (खिळे ठोकून काढायच्या पोलादी दांडीने) मागून बाहेर काढला. शिंगाच्या पट्टीवर मोटारीचे ड्रिल चालवणे मला मान्य नाही. एक झटका बसला की शिंग रेषेत फाटते.

मुठीच्या शेपटाकडील टोकाशी दोन पट्ट्यांमध्ये बसवलेली पाचर शिशाची निघाली. जुन्या इंग्लिश वस्तऱ्यांत ती अशीच असते. तिच्यावर पांढरट पूड जमली होती. ही पूड विषारी असल्याने हातमोजे घालून ती ओल्या कापडाने पुसली, कापड वेगळे बांधून टाकले आणि शिशावर पॉलिश पेपर अजिबात चालवला नाही. पाचर पुन्हा वापरण्याजोगी आहे. तिचा आकार निमुळता असतो, त्यामुळे दोन पट्ट्या धनुष्यासारख्या ताणात राहतात आणि पाते मिटताना बरोबर मधोमध उतरते. दिसायला क्षुल्लक असलेल्या या तुकड्यावर सगळ्या मुठीचा तोल आहे.

१५ ते १९ जून २०२५

गंज काढण्याचे काम संध्याकाळी थोडे थोडे केले. यंदा पाऊस २६ मे रोजीच पुण्यात दाखल झाला, त्यामुळे हवेत दमटपणा भरपूर आहे आणि उघडे केलेले पोलाद रात्रभर कोरडे राहत नाही. दररोज काम थांबवताना पात्याला तेलाचा हात देणे भाग होते.

किराणा दुकानात मिळणाऱ्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात पाते बुडवले असते तर गंज काही तासांत सुटला असता. तो मार्ग मी घेतला नाही, कारण आम्ल गंजाबरोबर निरोगी पोलादही खाते, पृष्ठभाग करडा करते आणि ठशाच्या बारीक कडा प्रथम जातात. विजेच्या साहाय्याने गंज काढण्याच्या पद्धतीत कठीण पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याचा धोका असतो. बफिंगचे चाक तर वस्तऱ्याला शत्रूच. वस्तऱ्याचे पाणी दिलेले, म्हणजे तापवून-बुडवून कठीण केलेले पोलाद साधारण २२० अंश सेल्सिअसला गवती पिवळे आणि ३०० अंशांच्या आसपास निळे पडते. धारेजवळचा पातळ पत्रा चाकावर क्षणात एवढा तापू शकतो आणि रंग दिसला की पाणी उतरलेच. त्यानंतर तो वस्तरा कितीही पाजवला तरी धार धरत नाही.

त्यामुळे सगळे काम हातानेच केले. डब्ल्यूडी-४० हे गंज सैल करणारे तेल लावून काही वेळ थांबायचे आणि पितळी पट्टीच्या कडेने गंजाचे पापुद्रे सोलायचे, एवढीच रीत. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्याने गंज उचलला जातो आणि पात्यावर ओरखडा उमटत नाही. वरचा थर गेल्यावर ६०० नंबरचा वॉटर पेपर बुचाच्या तुकड्यावर गुंडाळून, तेलात भिजवून, पाते सपाट लाकडावर टेकवून पाठीकडून धारेकडे ओढत गेलो. उलट दिशेने हात कधीही नेऊ नये. कागद धारेत अडकतो आणि बोटही. पुढे ८००, १००० आणि १५०० नंबरचे कागद वापरले आणि शेवटी मेटल पॉलिशचा एक हात दिला. ठशाच्या जागी कोणताही कागद लावला नाही; तिथे मऊ दातांचा ब्रश आणि तेल एवढ्यावरच भागवले.

पाते आता करड्या-रुपेरी रंगाचे झाले आहे. टोकाकडे डाव्या बाजूला काळसर खड्ड्यांचा पुंजका राहिला असून तो धारेपासून दीड मिलिमीटर दूर आहे. काळा थर स्थिर असतो, लाल गंज मात्र पसरत जातो. म्हणून खड्ड्यांच्या तळातला लाल भाग लाकडी दातकोरणीच्या टोकाने तेल घालून उकरला आणि काळा तसाच ठेवला. सरळ करताना धारेतून दोन-चार दशांश मिलिमीटर गेले तरी हे खड्डे कित्येक वर्षे धारेपर्यंत पोहोचणार नाहीत.

२१ जून २०२५

पितळी तार आणि वॉशर आणण्यासाठी बोहरी आळीत जायचे होते; परंतु दोन्ही पालख्या शहरात मुक्कामी असल्याने पेठांतून वाहन नेण्याचा प्रश्नच नव्हता. खरेदी पुढच्या आठवड्यावर ढकलली.

२४ जून २०२५

शिंगाच्या पट्ट्यांवर काम केले. शिंग हे नख आणि केस यांच्याच जातीचे, केरॅटिनचे असते. म्हणून ते सुकते, वाकते आणि कसरीला आवडते. आतल्या बाजूने कसरीने कोरलेल्या बारीक खाचा होत्या. त्या साफ करून, शिंगाचा भुसा मिसळलेले इपॉक्सी भरले आणि सुकल्यावर सपाट केले.

वाकलेली पट्टी सरळ करण्यासाठी शिंगाच्या फण्या करणारे कारागीर वापरतात तीच युक्ती वापरली. शिंग उष्णतेने मऊ होते आणि थंड होताना दिलेला आकार धरून ठेवते. उकळत्या पाण्यात काही मिनिटे ठेवल्यावर पट्टी हाताला लवचीक लागली. लगेच ती दोन सपाट फळ्यांमध्ये, दोन्ही बाजूंना कापड ठेवून, शिकंज्यात दाबली आणि रात्रभर तशीच राहू दिली. फार वेळ उकळल्यास शिंगाचे पदर सुटतात आणि पांढरट डाग पडतात, म्हणून घड्याळाकडे लक्ष ठेवणे आवश्यक आहे.

दुसऱ्या दिवशी पट्टी सरळ झाली होती. त्यानंतर औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन दोन्ही पट्ट्यांत मुरवले. जवसाचे किंवा खाण्याचे कोणतेही तेल मी वापरत नाही, कारण ते हवेत चिकट होते आणि खवट वास येतो. तेल मुरल्यानंतर शिंगाला जो खोल काळा रंग आला आणि उजेडाकडे धरल्यावर कडेला जी मधासारखी झाक दिसली, ती कोणत्याही प्लॅस्टिकच्या मुठीला येणार नाही.

२९ जून २०२५

जोडणी पूर्ण केली. १६ गेजची पितळी तार, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर व्यासाची, जुन्या भोकांत बरोबर बसली, त्यामुळे भोके वाढवावी लागली नाहीत. आधी पाचरीकडचा खिळा बसवला, नंतर सांध्याचा. वॉशरच्या बाहेर तार जेमतेम एक मिलिमीटर ठेवून, लहान हातोडीच्या गोल तोंडाने, ऐरणीवर, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने अगदी हलके ठोके दिले. जोरात मारलेला एक ठोका तार आतल्या आत वाकवतो आणि शिंग चिरतो. हलक्या ठोक्यांनी तारेचे डोके छत्रीसारखे पसरत जाते. पाते कोणत्याही कोनात उघडले तरी तिथेच थांबते आणि मिटताना दोन्ही पट्ट्यांना न शिवता मधोमध उतरते.

५ जुलै २०२५

आजपासून दगडावरचे काम. आधी दगडच सपाट केला. १००० नंबरच्या निसण्यावर पेन्सिलीने चौकटी आखून तो हिऱ्याच्या सपाट पट्टीवर पाणी घालून घासला आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत थांबलो नाही. दगडात जे खड्डे-उंचवटे असतात, तेच पात्यात उतरतात. टूलरूममध्ये आयुष्य घालवल्यामुळे सपाट पृष्ठभागाच्या बाबतीत तडजोड करण्याची मला सवय नाही.

पाठीवर इन्सुलेशन टेपचा एक थर चिकटवला. धार सरळ करताना बरेच घासावे लागणार असल्याने पाठ वाचवणे आवश्यक होते. टेपच्या जाडीने कोन सुमारे एक अंशाने वाढतो. साडेअठरा अंश दाढीसाठी चालतो. मात्र यातून एक बंधन येते. एकदा टेप लावून उतार (धारेलगतची तिरकी सपाट पट्टी) घडवला की पुढेही टेप लावूनच पाजवावे लागते, अन्यथा दगड उताराच्या मागच्या कडेला लागतो आणि धारेला स्पर्शच करत नाही. मामांना ही गोष्ट लिहून द्यावी लागेल.

धार झटपट सरळ करण्यासाठी काही लोक पाते दगडावर उभे धरून करवतीसारखे ओढतात. त्याने रेषा सरळ होते, परंतु धार बोथट होऊन नंतर उतार नव्याने घडवताना जास्तच पोलाद जाते. मी पाते आडवेच ठेवले आणि टाचेपासून टोकाकडे तिरके ओढत, प्रत्येक फेरीच्या शेवटी पाठीवरून पलटत राहिलो. धारेच्या उतारावर काळ्या मार्करने शाई फिरवली होती. सुरुवातीला टाच आणि टोक यांच्याजवळची शाई गेली आणि मधला भाग काळाच राहिला. दोष किती आहे हे डोळ्यांना दाखवणारी याहून सोपी चाचणी नाही. शाई पुन्हा लावायची, घासायचे, भिंगातून पाहायचे, असे चालू ठेवले. जसजशी टाच आणि टोक खाली आले, तसतशी काळी पट्टी दोन्हीकडून आखडत गेली.

८ जुलै २०२५

काळी पट्टी आज संपली. शाई लावून अगदी हलक्या हाताने ओढल्यावरही ती टाचेपासून टोकापर्यंत एकसारखी निघते. नव्याने घेतलेली मापे : टाच १७.८, मध्य १७.७, टोक १७.७ मिलिमीटर. मधल्या भागातले पोलाद जवळजवळ मुळीच गेले नाही, ज्याचे मला विशेष समाधान आहे. दिव्याखाली धार सरळ डोळ्यांसमोर धरली तर कुठेही प्रकाशाचा ठिपका चमकत नाही. बोथट जागा प्रकाश परतवते, खरी धार दिसतच नाही. हाताच्या मनगटावरील केस कातडीलगत निघतात.

१२ जुलै २०२५

बारीक दगडांचे काम त्या मानाने लवकर आटोपले, कारण १००० नंबरवर उतार नीट जुळला असेल तर पुढच्या दगडांना फक्त आधीच्या रेघा पुसायच्या असतात. १००० नंबरच्या जपानी दगडाचा कण सरासरी साडेअकरा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, ८००० नंबरचा सव्वा मायक्रॉनच्या आत. मधे ३००० आणि शेवटी १२००० वापरला. प्रत्येक दगडावर दाब कमी कमी करत नेला. शेवटी केवळ वस्तऱ्याचे स्वतःचे वजन दगडावर होते. ८००० नंबरनंतर पाते दगडाला पाण्याच्या पातळ थरासह चिकटल्यासारखे ओढले जाऊ लागले. उतार पूर्णपणे सपाट झाल्याची ती खूण आहे.

१४ जुलै २०२५

सोमवार असल्याने मामा सकाळीच आले. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्याचा पट्टा मी खिडकीच्या कडीला टांगून ठेवला होता. आधी जाड सुती पट्टीवर आणि मग चामड्यावर, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, वस्तरा फिरवायचा असतो. धार पुढे गेली तर चामडे कापले जाते. मामांनी पट्टा हातात घेऊन चाचपला, समाधान व्यक्त केले आणि शेवटचे काही हात पट्ट्याऐवजी स्वतःच्या डाव्या तळहातावर दिले. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल भागावरून पाते मनगटाकडे जायचे आणि पाठीवर पलटून परत यायचे, इतक्या सहज की पलटण्याचा क्षण दिसतच नव्हता. नंतर ओल्या अंगठ्याच्या नखावर धार अलगद टेकवून ती किती धरते ते त्यांनी पाहिले. "घेते आहे," एवढेच म्हणाले.

दाढी त्यांनी स्वतः केली. कोमट पाणी, साबण, ब्रशने भरपूर फेस, आणि तो फेस तीन-चार मिनिटे केसांत मुरू देणे, या तयारीत त्यांनी कसलीही घाई केली नाही. तीन बोटे दांडीवर, करंगळी दांडीच्या शेपटाच्या वळणावर आणि पाते गालाशी साधारण तीस अंशांत. डाव्या हाताने कानाजवळची कातडी वर ताणून पहिला हात केसांच्या दिशेने खाली आला. हे पाते जाडसर घासणीचे असल्याने जर्मनीच्या सोलिंगेनमधील अतिपातळ पात्यांसारखे ते गालावर वाजत नाही. आवाज दबका येतो आणि दाट केसांत ते अडखळत नाही. हनुवटीवर त्यांनी लहान लहान हात घेतले. रक्ताचा थेंबही आला नाही, तरी शेवटी सवयीने तुरटी फिरवलीच.

"टोक थोडं तिखट आहे," असे त्यांनी सांगितले. ते बरोबर होते. टोकाचा कोपरा अगदी काटकोनी राहिला होता. १२००० नंबरच्या दगडावर तेवढा कोपरा अत्यंत हलका गोल केला, पट्ट्यावर पुन्हा फिरवला आणि मामांनी तो कानशिलाजवळ लावून पाहिल्यावर पसंत केला.

२१ जुलै २०२५

वस्तरा मामांच्या स्वाधीन केला. श्रावण शुक्रवारी, २५ तारखेला लागतो आणि मामा श्रावणात दाढी करत नाहीत, म्हणजे वस्तरा वर्षातल्या सर्वांत दमट महिन्यात पूर्ण महिनाभर पडून राहणार. त्यामुळे तो कसा ठेवायचा हे आज सविस्तर बोललो. पाते कोरड्या कापडाने पुसून, सांध्याच्या फटीत कापसाच्या काडीने लिक्विड पॅराफिन सोडून, उरलेल्या पात्यावर त्याचा पातळ हात द्यायचा. चामड्याच्या जुन्या म्यानात तो ठेवू नये, कारण चामडे हवेतले पाणी शोषून पात्याशी धरून ठेवते. वर्तमानपत्राच्या साध्या कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह पत्र्याच्या डबीत ठेवायचे ठरले. नातवासाठी एका कार्डावर 'पाजवताना पाठीवर टेपचा एकच थर' असे मोठ्या अक्षरांत लिहून ते डबीच्या झाकणात चिकटवले.

२५ ऑगस्ट २०२५

श्रावण संपल्यावर आज मामांच्या घरी जाऊन डबी उघडली. पाते आणि धार स्वच्छ आहेत. टोकाकडच्या खड्ड्यांत लाल रंग परतलेला नाही. केवळ सांध्याच्या खिळ्याजवळ, पट्टीच्या आत, मोहरीएवढा गंजाचा ठिपका दिसला. तो तेल आणि दातकोरणीने तिथेच निघाला. तिथे तेल महिन्यातून एकदा पुरत नाही, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला एक थेंब सोडायचे नातवाने मान्य केले. दगड लावण्याची गरज नव्हती. मामांनी पट्ट्यावर फिरवून लगेच दाढीला घेतला. या वापराच्या बेताने पुढची पाजवणी दिवाळीनंतर, फक्त १२००० नंबरच्या दगडावर, टेपसह करायची आहे.